रबरी पाइपाची क्लिप

(यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एका लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती माझ्या हातात आहे. मागे बसलेल्यांना दिसत नसेल, म्हणून ती तुमच्यात फिरवतो. पाहून झाली की शेजाऱ्याला द्या.

ही पोलादाची पातळ पट्टी आहे. तिच्यावर तिरप्या खाचा आहेत. एका टोकाला लहानशी डबी आहे आणि डबीत एक स्क्रू आहे. स्क्रू फिरवला की पट्टी डबीतून पुढे सरकते आणि वेढा लहान होतो. हिला कोणी क्लॅम्प म्हणतात, कोणी होज क्लिप म्हणतात. जुने मिस्त्री जुबिली क्लिप म्हणतात. १९२१ साली रॉबिन्सन नावाच्या एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने अशी स्क्रूची क्लिप काढली आणि तिला जुबिली हे नाव दिले. तेच नाव पुढे सगळ्या क्लिपांना चिकटले. आपण नुसते क्लिप म्हणू.

नावे अशीच चिकटतात. माती खोदणाऱ्या यंत्राला आपण सरसकट जेसीबी म्हणतो. साखळीवर चालणारे असले की पोकलेन म्हणतो. दोन्ही मुळात कंपन्यांची नावे आहेत, एक इंग्लंडची आणि एक फ्रान्सची. यंत्र तिसऱ्याच कंपनीचे असले तरी आपल्या तोंडी जेसीबीच येते. असो.

ही यंत्रे आपल्या वर्धा जिल्ह्यात आता नवी राहिली नाहीत. समृद्धी महामार्ग आपल्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. वर्ध्याहून देवळी, भिडीवरून कळंबपर्यंत नवी रेल्वे झाली, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अशा कामांवर गावातली मुले हेल्पर म्हणून लागतात. हेल्परचे ऑपरेटर होतात. एखादा हिंमत करून कर्ज काढतो आणि स्वतःचे यंत्र घेतो. मग तो शेततळे खोदतो, नाला खोल करतो, घराचा पाया काढतो. आज इथे तिन्ही प्रकारचे लोक आहेत. काही घरच्या भगिनीही आल्या आहेत. बरे झाले. हप्त्याची वही पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती असते.

क्लिपेचे काम काय? रबरी पाइप लोखंडी नळीवर बसतो, तिथे त्याला घट्ट धरून ठेवायचे. एवढेच. पण धरून ठेवणे सोपे नसते.

बंडीचे चाक आठवा. चाकाला लोखंडी धाव असते. लोहार धाव गोवऱ्यांच्या विस्तवात तापवतो. तापली की ती मोठी होते. ती चाकावर चढवून वर पाणी ओततात. थंड होताना धाव आकसते आणि लाकडाला घट्ट आवळते. पण चैत्र-वैशाखात लाकूड वाळते, बारीक होते. मग तीच धाव खडखड वाजू लागते. शेतकरी चाके पाण्यात भिजत ठेवतो. लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट होते. धाव होती तेवढीच होती. बदलले ते आतले लाकूड.

रबराचेही तसेच आहे. इंजिन तापले की रबर फुगते. थंड झाले की आकसते. शिवाय रबर म्हातारे होते. पट्टीखाली सतत दाबून राहिले की ते तिथे बसते, पातळ होते, पुन्हा वर येत नाही. बसवताना घट्ट असलेली क्लिप सहा महिन्यांनी ढिली लागते. कोणी स्क्रू उलटा फिरवलेला नसतो. आणि आपल्याकडे हवा कशी? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पौषात पहाटे दात वाजतात. रबराला हे दोन्ही सोसावे लागते. थंडीच्या दिवसांत सकाळी यंत्राखाली चार थेंब दिसतात आणि इंजिन तापले की थेंब थांबतात. माणूस म्हणतो, "थांबलं ना, जाऊ दे." ते थेंब म्हणजे क्लिप ढिली झाल्याची खबर आहे.

यंत्रावर अशा क्लिपा मुख्यतः तीन ठिकाणी असतात. एक पाण्याच्या पाइपावर, म्हणजे रेडिएटरच्या. दुसरी हवेच्या पाइपावर, म्हणजे फिल्टरपासून इंजिनापर्यंत. तिसरी तेलाच्या अशा पाइपावर, जिथे दाब कमी असतो. उदाहरणार्थ टाकीतून पंपाकडे तेल जाते तो पाइप.

पाण्याची क्लिप ढिली झाली तर पाणी बाहेर येते. ते दिसते. कूलंटचा रंग जमिनीवर पडतो. सुकला तर पांढरट खपली धरते. गेजचा काटा वर चढतो. ही गळती बोलकी आहे. ती स्वतःच ओरडून सांगते. दुर्लक्ष केले तर इंजिन तापून हेड जाते, हे खरे. पण निदान तिने सांगितलेले असते.

हवेच्या पाइपाची गळती मुकी आहे. मला आज मुख्यतः तिच्याविषयीच सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, मुकी कशी? विहिरीवरचा किंवा नदीवरचा पंप आठवा. खाली पाण्यात फुटव्हॉल्व्ह असतो, त्याला आपण फुटबॉल म्हणतो. तिथून पंपापर्यंत जो पाइप येतो त्यातून पंप पाणी ओढत असतो. या पाइपाचा सांधा ढिला झाला तर काय होते? पाणी बाहेर गळते का? एक थेंब गळत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. पंप नुसता गरगर फिरतो आणि पाणी उचलत नाही. मग आपण सांध्यावर ओला चिखल थापतो आणि पाणी येऊ लागते. हे तुम्हांला मी शिकवायला नको. ओढणारा पाइप बाहेर गळत नाही, तो आत गळतो.

इंजिनही तसेच हवा ओढते. फिल्टर हवेतली धूळ अडवतो. फिल्टरच्या पुढे जो पाइप आहे त्यात हवा स्वच्छ असते. आता त्या पाइपाची क्लिप ढिली झाली, किंवा रबराला चीर गेली, तर हवा फिल्टरला वळसा घालून तिथूनच आत शिरते. दाराला कुलूप आहे आणि मागची भिंत पडली आहे, अशी गत होते. खाली काही टपकत नाही. आवाज बदलत नाही. ऑपरेटर दिवसभर काम करतो आणि इंजिन दिवसभर माती खाते.

किती खाते? थोडे गणित करू. आपण वर्गात गुणाकार शिकलो आहोत, तो कामी येईल. समजा इंजिन ४ लिटरचे आहे. असे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सुमारे ४ लिटर हवा ओढते. मिनिटाला २००० फेरे होत असतील तर १००० वेळा ओढेल. चार गुणिले हजार म्हणजे ४००० लिटर. डिझेलचा मोठा ड्रम २०० लिटरचा असतो. म्हणजे एका मिनिटात वीस ड्रम हवा. टर्बो असेल तर त्याहून जास्त. आता ही हवा कुठली? क्रशरजवळची, मुरमाच्या खदानीतली, उन्हाळ्यात वाळून पिठासारख्या झालेल्या काळ्या मातीतली. त्यातला थोडासा वाटा जरी फटीतून गेला तरी दिवसाअखेर किती धूळ आत गेली याचा विचार करा. दगडाची ही बारीक भुकटी पॉलिश-कागदासारखी असते. ती टर्बोची पाती झिजवते. मग लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासते. पुढे ऑइलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोचते.

देवळीकडच्या एका भावाचे यंत्र माझ्याकडे आले होते. जुनेच यंत्र त्याने कर्ज काढून घेतलेले. माणूस मेहनती आणि नीटनेटका. फिल्टर वेळच्या वेळी बदलणारा. तरी इंजिन ऑइल पिऊ लागले. जोर कमी झाला. श्वासाच्या नळीतून धूर येऊ लागला. तो मला म्हणाला, "फिल्टर तं मी परवाच बदलवला भाऊ, मंग हे काहून असं करून राह्यलं?"

मी फिल्टरपुढचा पाइप काढला. पाइपाच्या आतून पांढरे फडके फिरवले. स्वच्छ हवेच्या त्या पाइपातून फडके मातीच्या रंगाचे होऊन बाहेर आले. पाइपाच्या वळणावर रबराचा एक तुकडा होता. त्याच्या एका क्लिपेचा स्क्रू गंजून बसला होता. फिरत नव्हता, म्हणून आधी कोणीतरी त्यावर सळया बांधायची तार पिळून आवळली होती. तार रबरात रुतली होती आणि खाली बोटभर चीर पडली होती. वरून पाहिले तर चिखल बसलेला. काहीच दिसत नव्हते.

इंजिन उघडावे लागले. लायनर गेले, रिंगा गेल्या, टर्बो गेला. यंत्र ऐन उन्हाळ्यात, शेततळ्यांच्या हंगामात, उभे राहिले. काम दुसऱ्या यंत्राला गेले. ऑपरेटर आणि हेल्पर घरी बसले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. तो माणूस सावरला, पण त्याला दोन हंगाम लागले. आणि ज्या क्लिपेमुळे हे झाले ती एका वेळच्या चहापाण्याच्या पैशांत मिळते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पुष्कळ यंत्रांवर फिल्टरची खूण दाखवणारा काटा किंवा दिवा असतो. फिल्टर तुंबला की तो लाल होतो. लोक समजतात, लाल नाही म्हणजे सगळे ठीक. तसे नाही. तो काटा फक्त फिल्टर तुंबला की नाही एवढेच सांगतो. पाइपाला भोक असेल तर इंजिनाला हवा भोकातून सहज मिळते, आणि काटा आणखीच शांत बसतो. धुळीत काम चालू आहे आणि फिल्टर महिनोन्‌महिने तुंबतच नाही, असे झाले तर खूश होऊ नका. पाइप तपासा.

आता क्लिप निवडायची कशी ते सांगतो.

आधी माप. दुकानात जाऊन "रेडिएटरची क्लिप द्या" असे म्हणू नका. दुकानदार हाताला लागेल ती देतो. रबरी पाइप नळीवर चढवा आणि बाहेरून त्याची जाडी मोजा. आतले भोक मोजायचे नाही. मोजायला साधन नसेल तर पाइपाभोवती दोरा गुंडाळा. दोऱ्याची लांबी पट्टीने मोजा आणि तिला ३.१४ ने भागा. दोरा १५७ मिलिमीटर भरला तर पाइपाची जाडी ५० मिलिमीटर झाली.

आता क्लिपेच्या पट्टीवर पाहा. तिथे दोन आकडे ठोकलेले असतात, बहुधा इंग्रजी आकडे. ४०–६० असे लिहिले असेल तर ती ४० पासून ६० मिलिमीटरपर्यंत आवळता येते. आपला पाइप ५० चा आहे. तो बरोबर मधे पडतो. हीच क्लिप घ्या. ३२–५० ची घेतली तर ती शेवटच्या खाचेवर अडकेल. ५०–७० ची घेतली तर ती पूर्ण आवळावी लागेल, शेपूट लांब बाहेर राहील, आणि पट्टी गोल न बसता डबीजवळ उचलली जाईल. फट तिथेच पडते. ज्याला आकडे वाचता येतात त्याला या बाबतीत कोणी फसवू शकत नाही.

दुसरे, धातू. क्लिप चकचकीत आहे म्हणून ती न गंजणारी आहे असे समजू नका. पुष्कळ क्लिपांची पट्टी स्टेनलेसची असते आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असतो, वर नुसता मुलामा. पावसाळ्यात काळा चिखल स्क्रूवर बसतो आणि ओल धरून ठेवतो. वर्षा-दोन वर्षांत पट्टी नव्यासारखी राहते आणि स्क्रू गंजून घट्ट बसतो. मग तो सैलही होत नाही आणि आवळताही येत नाही. देवळीच्या यंत्रावर हेच झाले होते. चांगल्या क्लिपांवर कधीकधी इंग्रजी डब्ल्यू अक्षर आणि पुढे आकडा असतो. ही युरोपातली खूण आहे. १ असेल तर सगळे साधे लोखंड, वर जस्ताचा मुलामा. २ असेल तर पट्टी आणि डबी स्टेनलेस, स्क्रू मुलाम्याचा. ४ असेल तर सगळेच स्टेनलेस. यंत्रासाठी ४ चा आकडा शोधा. लोहचुंबक लावून पाहण्याची रीत आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. काही जातीच्या स्टेनलेसलाही चुंबक धरतो.

तिसरे, जात. सगळीकडे एकच क्लिप चालत नाही. साध्या काळ्या रबरी पाइपाला ही खाचांची क्लिप चालते. पण मऊ सिलिकॉनचा पाइप असेल, तो बहुधा निळा किंवा लाल असतो, तर खाचांतून ते मऊ रबर वर येते आणि कापले जाते. त्याला आतून गुळगुळीत असलेली क्लिप लागते. टर्बोच्या पुढे हवा दाबाने जाते, ओढली जात नाही. तिथे क्लिप ढिली झाली तर पाइप फटकन निघतो, जोर जातो आणि काळा धूर येतो. तिथे रुंद पट्टीची आणि नट-बोल्टाने आवळायची क्लिप असते. तिच्या जागी साधी लावू नये. मोठ्या यंत्रांच्या रेडिएटरवर स्प्रिंग असलेल्या क्लिपा येतात. रबर फुगले की स्प्रिंग दबते, आकसले की उघडते, आणि पट्टी आपोआप घट्ट राहते. आपल्याकडच्या थंडी-उन्हाला ती उत्तम. महाग आहे, पण मोठ्या पाइपाला घ्यावी असे माझे मत आहे.

बसवताना पहिली गोष्ट म्हणजे नळी साफ करणे. गंज आणि जुन्या रबराची साल खरवडून काढा. पाइप सहज चढावा म्हणून ग्रीस किंवा ऑइल लावू नका. त्याने साधे रबर फुगते, आणि पाइप नंतर सरकून निघतो. साबणाचे थोडे पाणी लावा. नळीच्या टोकाशी एक उंचवटा असतो, बांगडीसारखा. पाइप त्याच्या पलीकडे जायला हवा आणि क्लिपही त्या उंचवट्याच्या पलीकडे बसायला हवी. उंचवट्यावर बसवली तर ती घसरते. पाइपाच्या कडेपासून ज्वारीच्या एक-दोन दाण्यांएवढी जागा सोडा. अगदी काठावर बसवली तर रबर कापते. स्क्रूचे डोके अशा बाजूला ठेवा की उद्या पाना लावता येईल. पट्टीचे शेपूट दुसऱ्या पाइपाला घासणार नाही हेही पाहा.

किती आवळायचे? हा प्रश्न सगळे विचारतात. पुस्तकात त्याचा आकडा दिलेला असतो आणि आकडा मोजणारा पाना मिळतो. तो नसेल तर लहान मुठीचा पाना घ्या, लांब दांड्याचा नको. स्क्रू-ड्रायव्हर घसरतो आणि हाताला लागतो, म्हणून स्क्रूच्या डोक्याला बसेल असा पाना बरा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबर थोडेसे, सगळीकडे सारखे उचलले गेले की थांबा. खाचांतून रबर वर डोकावू लागले म्हणजे जास्त झाले. आपल्या मुलांना वाटते, जेवढे जास्त तेवढे चांगले. तसे केले तर रबर कापते, आटे जातात, आणि नळी प्लॅस्टिकची असेल तर तडकते.

आणि तार लावायची नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टीही लावायची नाही. रानात अडकलात आणि पाण्याच्या पाइपाला घरापर्यंत यायचे म्हणून तार लावली, तर एक वेळ समजू शकतो. हवेच्या पाइपाला एक तासही लावू नका. कॅबमध्ये एका डब्यात प्रत्येक मापाच्या दोन-दोन क्लिपा आणि तो लहान पाना ठेवला की तारेची गरज पडत नाही.

देखभाल रोजची आहे, पण मोठी नाही. सकाळी यंत्र सुरू करण्याआधी एक फेरी मारा. खाली थेंब आहेत का पाहा. पांढरी खपली आहे का पाहा. कुठे धूळ ओली होऊन काळी चिकटली असेल तर तिथे तेल झिरपते आहे. इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप हाताने हलवून पाहा. क्लिपेखाली तो फिरत असेल तर ती ढिली आहे. नवा पाइप बसवला असेल तर एक दिवस काम झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, क्लिपा पुन्हा थोड्या आवळा. नवे रबर पहिल्याच दिवशी बसते. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की सगळ्या क्लिपा एकदा पाहून घ्या. सर्व्हिसच्या वेळी फिल्टर बदलाल तेव्हा पुढच्या पाइपातून पांढरे फडके फिरवायला विसरू नका. आणि एकच क्लिप दर आठवड्याला आवळावी लागत असेल तर आवळत बसू नका. पाइप म्हातारा झाला आहे. तो बदला.

मालक मंडळींना एक सांगतो. ढिली क्लिप मालकाला आधी दिसत नाही. ती हेल्परला दिसते. तो सांगायला येतो आणि आपण म्हणतो, "आजचा दिवस चालू दे." दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा तो सांगत नाही. मला वाटते, निम्मी इंजिने इथेच जातात.

आता जिवाच्या दोन गोष्टी सांगून संपवतो.

रेडिएटरची क्लिप किंवा झाकण इंजिन गरम असताना सोडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळते आणि तोंडावर येते. तासभर थांबा. मुकादम ओरडला तरी थांबा.

दुसरी गोष्ट हायड्रॉलिकची. बकेट आणि बूम उचलणारे जे जाड पाइप आहेत त्यांच्या टोकांना या क्लिपा नसतात, आणि कधीही लावायच्या नाहीत. त्यांची टोके मशीनने दाबून बसवलेली असतात. त्या तेलाचा दाब २५० बारच्या आसपास जाऊ शकतो. १० मीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. म्हणजे अडीच हजार मीटर उंच पाणी झाले. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर आहे. त्याच्या दीडपट उंचीवरून येणारे पाणी तुम्ही एका पट्टीने धरणार का? पाइप फुटला तर नवा करून आणा.

आणि गळती बोटाने शोधू नका. बारीक भोकातून निघालेले तेल दिसत नाही, पण ते कातडी फोडून आत शिरते. वरून नुसता काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो. दुखतही नाही. काही तासांत हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा काठीला लावून दुरून फिरवा. काही उघडायचे असेल तर बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, दांडे दोन-चार वेळा हलवून दाब काढा. आणि तेल आत गेलेच तर हळद लावून घरी बसू नका. सेवाग्राम जवळ असेल तर सेवाग्रामला, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात, त्याच तासाला जा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचे तेल कातडीत शिरले आहे. ते ताबडतोब शस्त्रक्रियेचे पाहतील.

माझे बोलणे एवढेच. बाहेर यंत्र उभे आहे, त्याचे बॉनेट उघडून ठेवले आहे. फिल्टरपुढचा पाइप कोणता, त्यावर क्लिपा किती आणि कोणत्या मापाच्या, हे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचे आहे. तारीख आणि घड्याळाचे तासही लिहा. पांढरी फडकी मी आणली आहेत. पण यंत्र आत्ताच कामावरून आले आहे आणि इंजिन गरम आहे. तोवर चहा घेऊ.